मशीनला वेळ कोण सांगतं?

कबुतरांच्या नादाला लागलेल्या माणसाला दोन गोष्टी जन्मात पटत नाहीत. एक, आपलं पाखरू हरलं. दुसरी, समोरच्याचं घड्याळ बरोबर आहे. त्यामुळे कोल्हापुरात उन्हाळा आला आणि शर्यती लागल्या, की पेठापेठांतून भांडणंही लागायची. खरं तर शर्यत साधी. सकाळी पाखरू हवेत सोडायचं आणि ते गच्चीवरच्या आपल्या ढाबळीवर परत उतरेपर्यंत किती वेळ वर राहिलं ते मोजायचं. ज्याचं जास्त वेळ राहील तो जिंकला. पण सकाळचा पंच एक, संध्याकाळचा दुसरा. एकाचं घड्याळ पुढं, दुसऱ्याचं मागं, आणि तिसऱ्यानं चावीच दिलेली नसायची. एका साली तर निकाल राहिला बाजूला आणि पंचांनीच एकमेकांच्या गचांड्या धरल्या.

यावर तोड काढली मुबशिरानं. शमशुद्दीन उस्तादांची ही एकुलती एक मुलगी. उस्ताद लक्ष्मीपुरीत स्कूटरच्या सीटा शिवायचे, पण त्यांची ओळख सीटांची नव्हे, कबुतरांची. पाखराच्या डोळ्यात बघून ते किती तास उडेल हे सांगणारा माणूस, असं लोक म्हणायचे आणि उस्ताद ते नाकारायचे नाहीत. मुबशिराला पाखरांचं फारसं वेड नव्हतं. तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि गंगावेशीतल्या मृत्युंजय सरांच्या क्लासमध्ये ती सी ही प्रोग्रॅमची भाषा शिकवायला लागली. तेव्हा १९९९ साल चालू होतं. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर खुळे होणार अशी आवई उठली होती आणि त्या आवईवर सरांच्या क्लासला पोरं भरभरून येत होती.

पोरांना ती पहिल्याच आठवड्यात सांगायची, "प्रोग्रॅममध्ये आजची तारीख आपण लिहायची नसते. मशीनला मागायची असते." मग ती फळ्यावर चार ओळी लिहायची. एका ओळीत मशीनला आत्ताची वेळ विचारायची. मशीन उत्तर देतं ते नुसते सेकंद, १९७० सालापासूनचे. दुसऱ्या ओळीत त्या सेकंदांचे तास, मिनिटं, दिवस, महिने पाडून घ्यायचे. वर्ष मात्र मशीन १९०० पासून मोजतं, म्हणून त्यात १९०० मिळवायला विसरायचं नाही. पोरं हटकून विसरायची आणि पडद्यावर साल नव्याण्णव यायचं. मग पोरं हसायची आणि तीही हसायची.

याच चार ओळींवर तिनं शर्यतीचा प्रोग्रॅम बांधला. पाखरू सुटलं की गच्चीवरच्या पंचानं शेजारच्या फोनवरून क्लासला फोन करायचा. तिनं एक बटण दाबायचं. वेळ कुणी लिहायची नाही, मशीन आपली आपण घेईल. पाखरू उतरलं की पुन्हा फोन, पुन्हा बटण, आणि वजाबाकी करून निकाल कागदावर छापून बाहेर.

मंडळाच्या बैठकीत सयाजीकाकांनी, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांनी, मिशीवर हात फिरवत विचारलं, "अन् पोरीचं मशीन खोटं बोललं तर?"

उत्तर दिलं जोतीरामनं. हा मंगळवार पेठेतला पिठाच्या गिरणीवाला. दाणा कसा टाकायचा इथपासून सगळं उस्तादांच्या हाताखाली शिकलेला. त्याची सुरमी नावाची मादी त्या साली अशी काही उडत होती, की दुसऱ्या पेठेतली माणसं गिरणीत दळण टाकायच्या निमित्तानं तिला बघून जायची. जोतीराम म्हणाला, "माणसापरास कमीच बोलंल की! मला मुबशिराचं मशीन मंजूर हाय."

आणि ठरलं. नुसतं ठरलं नाही, तर शर्यतीच्या दिवशी पंचांनी मनगटावरची घड्याळं उतरवून सयाजीकाकांच्या कापडी पिशवीत टाकायची असंही ठरलं. भांडणाचं मूळच खणून काढायचं! मुबशिराला तर इतका हुरूप आला, की तिनं क्लासच्या भिंतीवरचं घड्याळही काढून कपाटात ठेवलं. मशीनवर तिचा असा विश्वास होता, आणि तो पोरवयाचा म्हणून हसण्यासारखा नव्हता. कुणी कुणाचं ऐकत नाही अशा या गावात सगळ्यांनी तिचं ऐकलं होतं.

उस्तादांना पोरीचं कौतुक लपवता येईना. एके दिवशी ते क्लासमध्ये आले, तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "समदं खरं, पर ह्या मशीनला वेळ कोण सांगतं गं?"

"त्याच्या पोटात बारकं घड्याळ असतंय अब्बा. त्याला बॅटरी हाय. लाइट गेली तरी ते आपलं चालूच."

"अन् त्या घड्याळाला कोण सांगतं?"

आजवर तिच्या एकाही विद्यार्थ्यानं हा प्रश्न विचारला नव्हता. "माणूस," ती म्हणाली. मग तिनं त्यांना दाखवलं. टाइम असं टाइप करायचं, मशीन चालू वेळ दाखवतं आणि नवी वेळ विचारतं. ती टाकायची आणि एंटर मारायचं. उस्तादांनी एका बोटानं अक्षरं शोधत शोधत वेळ पाच मिनिटं पुढं नेली, मग परत मागं आणली आणि लहान पोरासारखे हसले. मुबशिरा लहानपणी वेळ बघायला शिकली ती याच माणसाच्या मनगटावर. रोज सकाळी ते हात पुढं करायचे आणि ती त्यांच्या घड्याळाला चावी द्यायची. ती बावीस वर्षांची झाली तरी ही रीत मोडली नव्हती. आता अब्बा आपल्याकडून शिकतायत, या सुखात ती दिवसभर होती.

शर्यतीत एका दिवशी एकाच ढाबळीचं पाखरू उडायचं. जोतीरामची सुरमी उडाली ती भल्या सकाळपासून ऊन कलेपर्यंत. तिचा कागद छापून निघाला तेव्हा सगळ्यांनी ओळखलं, की आता उरलाय तो फक्त उस्तादांचा शेरा नावाचा नर. त्याचा दिवस शेवटचा होता, रविवारचा.

शर्यतीचा एक जुना नियम होता. ज्याचं पाखरू हवेत त्या मालकानं आपल्या गच्चीवर तर सोडाच, आपल्या गल्लीतही थांबायचं नाही. कारण पाखरू मालकाची शीळ ओळखतं, मालकानं फडकं हलवलं तर उतरायला आलेलं पाखरूही पुन्हा वर जातं. म्हणून आपल्या दिवशी मालक बिचारे कुठल्यातरी चहाच्या गाड्यावर नखं खात बसायचे. उस्ताद म्हणाले, "मी आपला पोरीच्या क्लासात बसतो. तिथं पाखरू न्हाय अन् गच्ची न्हाय." कुणाची काय हरकत असणार? मुबशिरानं स्वतः त्यांच्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि सयाजीकाकांच्या पिशवीत टाकलं.

रविवार असल्यामुळे क्लास रिकामा होता. सकाळी फोन आला, तिनं बटण दाबलं. दुपारच्या आत एकदा ती चहा आणायला खाली गेली, तेव्हा अब्बा खिडकीत बसून आभाळाकडे बघत होते. वर आली तेव्हाही तसेच बसलेले. तिनं त्यांच्या हातात कप दिला आणि म्हणाली, "काळजी करू नका. उडतंय अजून." ते म्हणाले, "व्हय."

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मागच्या गल्लीतल्या मशिदीत असरची, म्हणजे सूर्य मावळण्याआधीच्या नमाजाची, बांग सुरू होती. तिनं एका हातानं ओढणी डोक्यावर घेतली आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं. प्रिंटर करकरला. वजाबाकी वाचून ती ओरडलीच. शेरा सुरमीपेक्षा पाव तास जास्त उडाला होता! कागद घेऊन ती जिन्यावरून धावत खाली गेली. खाली मंडळाची माणसं जमली होती. अब्बा वरच थांबले.

हरणाऱ्यानं आपलं उडालेलं पाखरू जिंकणाऱ्याला द्यायचं, हीसुद्धा रीत. दिवेलागणीला जोतीराम टोपली घेऊन उस्तादांच्या घरी आला. कागदावरचा आकडा त्याला कुणी समजावून सांगावा लागला नाही. सुरमीच्या पाठीवरून एकदा हात फिरवून तो म्हणाला, "मशीननं सांगितलं म्हणजे झालं. उस्ताद, हिला भिजलेला हरभरा लई आवडतोय." जाताना मुबशिराच्या आईनं, इमामबीनं, त्याला पाणी दिलं, तर त्यानं तांब्या तोंडाला न लावताच परत केला.

सोमवारी सकाळी मुबशिरानं नेहमीप्रमाणे पोरांना तारखेचा प्रोग्रॅम चालवून दाखवला. पडद्यावर आली ती कालची तारीख. आणि वेळ रात्रीची. पोरं फिदीफिदी हसली. एक जण म्हणाला, "मॅडम, बॅटरी गेली."

तीही तेच म्हणणार होती, पण थबकली. बॅटरी गेली की ते मशीन १९८० सालात जाऊन पडायचं, हे तिनं दोनदा पाहिलं होतं. हे तर नुसतं अर्ध्या दिवसानं मागं होतं आणि मिनिटं जवळजवळ बरोबर होती. बिघडलेलं घड्याळ अशी मिनिटं सांभाळत नाही. याचा अर्थ कुणीतरी काल संध्याकाळी यात हातानं वेळ टाकली होती, आणि आपण बोलताना सांगतो तशी टाकली होती. संध्याकाळचे साडेपाच म्हणून नुसतं पाच तीस. मशीनला संध्याकाळ सांगावी लागते, नाहीतर ते सकाळच धरतं. हे तिनं शिकवायचं राहून गेलं होतं. त्या दिवशी अब्बांना दाखवलं ते सकाळी, तेव्हा सांगायची गरजच पडली नव्हती.

तिनं कपाटातून शेराचा कागद काढला. उतरल्याची वेळ छापली होती पावणेसहाच्या सुमाराची. आणि बांग? असरची बांग त्या मशिदीत सव्वापाचला होत होती. डोक्यावर ओढणी घेतलेला तो हात तिला आठवला. अर्धा तास कुणीतरी दिवसाउजेडी आत घुसवला होता आणि संध्याकाळी काढून घ्यायला जाऊन फसला होता. पुढं नेताना सकाळ होती, म्हणून तेव्हा चूक झाली नाही. टाइम कसं टाकायचं हे गावात किती जणांना येत होतं? तिनं पोरांना कधी दाखवलं नव्हतं. दाखवलं होतं एकालाच. पोरांना लवकर सोडून ती लक्ष्मीपुरीत दुकानात गेली.

उस्ताद रेक्झिनला दोरा घालत होते. तिनं सगळं उभ्यानंच सांगितलं. बांग, कागद, पाच तीस. शिवायचं थांबवून त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "आणि कुणाला ठावं हाय?"

मुबशिराला वाटलं होतं ते चिडतील, शपथा घेतील, कोण म्हणतं असं म्हणून दुकान डोक्यावर घेतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. हा प्रश्न तिच्या काळजात गेला.

"अब्बा, मी शिकवलं तुम्हाला ते."

"ऐक. बस हितं." त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. ती बसली नाही. "जोतीरामला पाखरू हातात कसं धरायचं ते मी शिकवलं. आता तोच माझ्या डोक्यावर पाय देऊन जाणार? गाव काय म्हणंल? उस्ताद संपला म्हणंल. अन् अर्ध्या तासानं कुणाचं काय वाकडं झालं गं?"

"सुरमी देऊन टाकली त्यानं. पाणीबी प्याला न्हाय. तो म्हणाला मशीननं सांगितलं म्हणजे झालं. मशीननं न्हाय, मी सांगितलंय त्याला. माझ्या तोंडानं सांगितलंय!"

सुई रेक्झिनमध्ये खोचून ते म्हणाले, "शुक्रवारी बक्षिसाचा कार्यक्रम हाय. समद्यांफुडं मी सांगतो. पर तू बोलू नगंस. माझी चूक हाय, माझ्याच तोंडानं जाऊ दे."

तिनं मान डोलावली आणि रस्त्यात येऊन ओढणीत तोंड लपवून रडली. त्यात दुःख होतं तसा अभिमानही होता. चुकले, पण कबूल करतील. शेवटी माणूस आपला आहे. चार दिवस तिनं याच आधारावर काढले. शुक्रवारी तिनं त्यांचा पांढरा शर्ट कडक इस्त्री करून दिला आणि सकाळी घड्याळाला चावीही दिली.

कार्यक्रम तालमीच्या सभागृहात होता. गर्दी चांगली होती. मृत्युंजय सर पुढच्या रांगेत होते, कारण क्लासचं नाव बोर्डावर झळकलं होतं. सयाजीकाका जिंकणाऱ्याचा फेटा घेऊन उभे राहिले तेव्हा उस्तादांनी हात वर केला.

"भावांनो, हा फेटा माझा न्हाय."

मागच्या खुर्चीवर मुबशिराच्या डोळ्यांत पाणी आलं.

"खरी जिंकली ती सुरमी," उस्ताद म्हणाले. "माझा शेरा अर्धा तास आधी उतरलाय. माझी पोरगी हाय, हुशार हाय, पर शिकतीय अजून. कुठंतरी गणित हुकलं तिचं, मशीन चुकलं. मला कळलं तसं मी सांगतोय. घरातली चूक झाकून फेटा बांधून घ्यायची आपली रीत न्हाय."

मग टाळ्या सुरू झाल्या. अशा टाळ्या, की जिंकलेल्याला कधी मिळाल्या नसतील. सयाजीकाका म्हणाले, "हातात आलेला फेटा परत देणारा माणूस मी ह्या जन्मात बघितला न्हवता." त्यांनी तो फेटा जोतीरामला बांधला, तसा जोतीराम धावत पुढं गेला, त्यानं उस्तादांच्या पायावर डोकं ठेवलं आणि तोच फेटा काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला. उस्तादांनी नको नको म्हटलं, पण काढला नाही.

मुबशिरा जागची हलली नाही. तिच्या बापानं सगळं खरं सांगितलं होतं. सुरमी जिंकली हे खरं, शेरा अर्धा तास आधी उतरला हेही खरं. फक्त स्वतःला त्यातून अलगद उचलून बाहेर ठेवलं होतं आणि त्या जागी तिला बसवलं होतं.

मृत्युंजय सर मागं वळले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मुबशिरा, प्रोग्रॅममध्ये खरंच चूक होती?"

शंभर माथी तिच्याकडे वळली. जोतीरामही बघत होता, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. तिनं व्यासपीठाकडे पाहिलं. अब्बा फेटा नीट करत होते. तिच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. नाही म्हणावं तर या गर्दीत बापाचा फेटा खाली येतो. आणि ती म्हणाली तरी ऐकणार कोण? हातचा मान सोडणाऱ्या माणसावर त्याच्याच पोरीनं आळ घेतला म्हणतील.

"व्हय सर," ती म्हणाली. "चूक होती."

जोतीराम जवळ येऊन म्हणाला, "मनाला लावून घेऊ नगं ताई. मशीनच हाय ते." या माणसानं तिच्या मशीनसाठी सगळ्या गावाशी वाद घातला होता. तेवढ्यात सयाजीकाकांनी जाहीर करूनही टाकलं, की पुढच्या सालापासून मशीनबिशीन बंद, शर्यतीची वेळ धरायची ती उस्तादांच्या मनगटावरच्या घड्याळाची. पुन्हा टाळ्या झाल्या. बाहेर पडताना सरांनी सोमवारपासून तिला टायपिंगची बॅच घ्यायला सांगितली. सी दुसरं कुणीतरी शिकवणार होतं.

घरी शेजारपाजारची माणसं येऊन उस्तादांचं तोंड गोड करून गेली. इमामबीनं शेवया केल्या. सगळे गेल्यावर उस्ताद पोरीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "झालं न्हवं तुझ्या मनासारखं? सुरमी गेली की परत. कुणाचं काय बिघडलं?" आणि खरोखरच त्यांना वाटत होतं, की कुणाचं काही बिघडलं नाही. ती उठून आत गेली.

शनिवारी सकाळी त्यांनी सवयीनं हात पुढं केला. मुबशिरा तिथून पाण्याची कळशी घेऊन गेली, जणू तो हात दिसलाच नाही. उस्तादांना वाटलं, पोरगी रुसलीय, येईल भानावर. स्वतः चावी द्यायची त्यांना आठवणही राहिली नाही. इतक्या वर्षांत कधी द्यावी लागलीच नव्हती.

रविवारी ते दुकानाकडं निघाले आणि दारात थांबले. मनगट कानाला लावलं, हलवलं, पुन्हा कानाला लावलं. ती उंबऱ्याशी चपला घालत होती.

"बंद पडलंय गं हे," ते म्हणाले. "किती वाजलं?"

मुबशिरानं चपलेचा पट्टा ओढून घट्ट केला आणि उभी राहिली.

"वेळ तुम्हीच टाका की अब्बा," ती म्हणाली. "येतंय तुम्हाला."